अक्काला आणायचं राहिलं

शालूताईचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. नीलानं, माझ्या बायकोनं, तो उचलला, ऐकला आणि रिसिव्हर माझ्या हातात दिला. "दिगू, अक्का गेली," शालूताई म्हणाली. "चहाला खाली आली नाही म्हणून वर गेले. झोपेतच..." मग फोनमधून हिमायतनगरच्या रस्त्यावरच्या ऑटोंचा आवाज तेवढा येत राहिला. त्यानंतर मी जे बोललो ते आज, दीड-दोन महिन्यांनी, माझं मलाच ऐकवत नाही. मी म्हणालो, "गाडी घेऊन येतो. बरकतपुऱ्याला आणू तिला. आपल्या घरून नेऊ." शालूताई रागावली नाही. म्हणाली, "नको रे. इथूनच नेऊ. इथंच राहिली ती."

आणि तसंच झालं. माझी सख्खी, एकुलती एक बहीण माझ्या घरून नाही, मावसबहिणीच्या गच्चीवरच्या खोलीतून गेली. शालूताईच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. अक्काच्या शाळेतल्या बाया आल्या होत्या, तिच्या हाताखाली गणित शिकलेली आणि आता स्वतःच्या मुलांची बोटं धरून आलेली माणसं आली होती. हैदराबादेत आपण मराठी माणसं किती, सगळे सगळ्यांना ओळखतात. ऑटोनं दहा मिनिटांवर भावाचं एवढं घर असताना बहीण इथून का निघाली, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. शोकसभेत तिच्याबद्दल पुष्कळ लोक बोलले, फार चांगलं बोलले. ती शिक्षिका कशी होती ते माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक. मला फक्त एवढंच ठाऊक आहे की ती माझ्या घरी का नव्हती, आणि ते माझ्याखेरीज दुसरं कुणी सांगू शकत नाही.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आम्ही मूळचे परभणीकडचे. सगळं एकच राज्य होतं तेव्हा आमचे वडील, अण्णा, नोकरीसाठी इकडे आले. पुढे राज्यं वेगळी झाली, बरोबरची माणसं औरंगाबादला, मुंबईला गेली, अण्णा मात्र बरकतपुऱ्यात प्लॉट घेऊन राहिले. आई मी लहान असतानाच गेली. अक्काचं लग्न नांदेडला झालं तेव्हा मी जेमतेम शाळेत जायला लागलो होतो.

आमच्याकडे एक रीत होती, पुष्कळांकडे असते. सासरी गेलेली मुलगी माहेरी यायची ती आपली आपण येत नसे. माहेरच्या कुणीतरी तिला आणायला जायचं. जो जातो त्याला मुराळी म्हणायचं. अक्काचा मुराळी मी होतो. पंचमीला, दिवाळीला अण्णा मला काचीगुडा स्टेशनवर नेत, नांदेडला जाणारं कुणी ओळखीचं शोधत आणि त्याच्या ताब्यात मला देत. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, पिशवीत नारळ आणि खण. नांदेडला अक्काची सासू मला पाटावर बसवून "आले का मुराळी?" म्हणे आणि मी फुगून जाई. परतीच्या गाडीत मात्र मी अक्काच्या मांडीवर झोपून जात असे. काचीगुड्याला उतरताना तिच्या एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात पिशवी आणि खांद्यावर मी. तिला मी आणत होतो का मला ती आणत होती, कुणास ठाऊक. पण दारात अण्णा तिला काही न विचारता मला विचारत, "आणलंस का रे अक्काला?" आणि मी डोळे चोळत म्हणे, "हो, आणलं."

चार वर्षांतच तिचे यजमान गेले. सासरचे लोक वाईट नव्हते. तिला गाडीत बसवून द्यायला तयार होते. ती म्हणाली, "अण्णा येतील." आणि थांबली. अण्णा तेव्हा तापानं पडलेले होते, ते बरे होऊन जाईपर्यंत ती तिथं थांबली. हे मी मुद्दाम सांगतो आहे. ती कशी होती आणि तिचं येणं-जाणं कशावर ठरायचं, हे मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

घरी आल्यावर ती शिकली, कोठी भागातल्या मराठी शाळेत लागली. माझ्या वह्यांना कव्हरं तिनं घातली, इंग्रजीची स्पेलिंगं पाठ करून घेतली, माझ्यासाठी मुली पाहायला अण्णांबरोबर तीच गेली आणि नीलाला पसंत करून आली. अण्णा गेल्यावर घरात ती, मी, नीला आणि आमची मीनल. नीला बँकेत जायची, मीनलला सांभाळायची अक्काच. पूर्वेकडची, कडुनिंबाच्या बाजूची खोली तिची.

मग ती वर्षं आली. नव्वदनंतरची. ज्यांनी ती पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. सरकारी कारखान्यातली नोकरी सोडून मी एका परदेशी कंपनीच्या इथल्या ऑफिसात गेलो. आधी जी वस्तू मिळायला नंबर लावावा लागायचा ती दुकानदार घरी आणून टाकू लागला. आमच्याकडे मोठा टीव्ही आला, वॉशिंग मशीन आलं, मिक्सर बदलला, फोन आला. गंमत अशी की वस्तू आली तरी तिचं खोकं घरातून जात नसे. थर्मोकोलसकट कपाटावर चढायचं. मी म्हणायचो, "अक्का, टाक ना ते खोकं." ती म्हणायची, "हौ, आणि उद्या बिघडला तर कशात घालून नेशील? डोक्यावर?" अण्णांच्या ट्रंका, पितळी भांडी, रद्दीचे गठ्ठे, कंदील, अक्काच्या शाळेतले तक्ते आणि ठोकळे, आणि या सगळ्यांच्या वर ती नवी खोकी. घरात चालायचं म्हणजे खांदा आडवा करून चालायचं.

कंपनीनं मला ट्रेनिंगला बंगळूरला पाठवलं. तिथल्या गेस्ट हाऊसमध्ये मला जी खोली मिळाली ती मी अजून विसरलो नाही. पांढऱ्या भिंती, एक पलंग, एक दिवा, एक खुर्ची. बस. दार लावून घेतलं आणि मला एकदम लक्षात आलं की लहानपणापासून आजवर मी कधीच रिकाम्या खोलीत बसलो नव्हतो. परत आलो तो घर बदलायचं ठरवूनच. स्वयंपाकघर आणि कोठीची खोली यांच्यातली भिंत पाडायची, सगळीकडे टाइल्स, भिंतीतली कपाटं, आणि निम्मं सामान बाहेर. नीला खूश होती. अक्काला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कर बाबा. अण्णांनीसुद्धा केलं असतं."

आता नव्या पिढीला यासाठी पुस्तकं आणि कार्यक्रम आहेत म्हणे, घरातला पसारा कसा काढावा याचे. आम्ही आमच्या अकलेनं केलं. व्हरांड्यात तीन ढीग. ठेवायचं, कुणाला द्यायचं आणि कबाडीवाल्याच्या बंडीवर टाकायचं. मी वस्तू उचलायचो आणि फेकल्यासारखी ढिगावर टाकायचो. अक्का शेजारी पाट घेऊन बसली. मला वाटलं होतं ती अडवेल, रडेल. तिनं काहीच अडवलं नाही. फक्त एक केलं. जी वस्तू घराबाहेर जायची ती आधी ओल्या फडक्यानं पुसायची. द्यायच्या ढिगातली तर पुसायचीच, पण कबाडीची सुद्धा. तुटक्या कंदिलाची काच पुसली. डबे पुसले, झाकण ज्याचं त्याला बसवलं. कान तुटलेल्या किटलीला सुतळी बांधून दिली.

"अगं, भंगारात जाणार आहे ते. वितळवणारेत," मी म्हटलं.

"वितळवू देत. आपल्या घरून जाताना मळकं जायला नको."

"आत्या, मला पण पूस," मीनल म्हणाली.

"तू कुठं चाललीस? जे जायचंय तेच पुसायचं," अक्का म्हणाली आणि तिच्या नाकाला फडकं लावलं. सगळे हसलो. मेस्त्री यादगिरी दारात उभा होता, तोही हसला.

भिंत पाडायची वेळ आली तेव्हा त्यानंच विषय काढला. अक्काला दमा होता. मेस्त्री म्हणाला, "दीवार गिरे तो भौत धूल होती अम्मा. आपके दमे को नक्को. थोडे दिन उधर किधर तो भी रहो." शालूताईला कळलं तशी ती दुसऱ्याच दिवशी ऑटो घेऊन आली. तिचे यजमान नव्हते, मुलगा अमेरिकेत, गच्चीवर एक खोली रिकामी. "चल गं सुमन, न्यायला आलेय," म्हणाली. सगळं रीतीप्रमाणे झालं.

ऑटो दारात उभी होती. अक्काची बॅग ठेवायला म्हणून मी तिच्या खोलीत गेलो. खोलीतले तक्ते, ठोकळे, पुस्तकं तिनं आधीच बांधून ठेवली होती. मला वाटायचं, बघा, घरात सगळ्यात लवकर पसारा हिनं आवरला. मी गेलो तेव्हा ती खाली बसून आपला पलंग पुसत होती. ओलं फडकं, पलंगाचा एकेक पाय, खालून वरपर्यंत. मग तिनं टेबल पुसलं. मग खिडकीची दांडी. मी दारात उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाहून परत पुसायला लागली.

मला कळलं. ते पलंग पुसणं काय होतं ते मला तिथल्या तिथे कळलं. एक वाक्य पुरलं असतं. "अक्का, हे कशाला पुसतेस, तू परत येणारेस ना," एवढंच. ते वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. मी बॅग उचलली आणि म्हणालो, "ऑटोवाला थांबलाय."

दारात मी म्हटलं, "काम झालं की ये."

ती म्हणाली, "बरं."

काम पावसाळ्याआधी सुरू झालं आणि दसऱ्याच्या सुमाराला संपलं. घर खरंच सुंदर झालं. हे मला मान्य केलं पाहिजे, नाहीतर माझ्या बोलण्याला अर्थ राहणार नाही. उजेड आला, हवा आली. अक्काच्या खोलीत करण्यासारखं फारसं काही नव्हतं, रंगच द्यायचा होता. पांढरा दिला. पलंग "तात्पुरता" म्हणून जुन्या कोठीच्या खोलीच्या बाजूला हलवला होता, तो तिथंच राहिला. रंग वाळल्यावर मी त्या खोलीत एक सतरंजी आणि एक खुर्ची नेऊन ठेवली. सकाळी ऑफिसला जाण्याआधी तिथं बसायला लागलो. खिडकीतून कडुनिंब दिसायचा. कुणाचं खोकणं नाही, वह्यांचे गठ्ठे नाहीत, "दिगू, मफलर घे" नाही. मला फार बरं वाटायचं. इतक्या वर्षांनी लिहितो आहे तर खरं लिहितो... ती शांतता मला मनापासून आवडली होती आणि ती कशामुळे आहे हे मला माहीत होतं.

अक्कानं मला कधी त्रास दिला नव्हता. मग मला ती का नको होती? याचा मी खूप विचार केला आहे. नव्या ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं होती, परदेशातून पाहुणे यायचे, घरी जेवायला यायचे. आणि हॉलमध्ये बसलेली अक्का त्यांच्यासमोर म्हणायची, "दिगू, शर्टाची कॉलर बघ." मी तिचा धाकटा भाऊ होतो आणि ते नातं मला माझ्या नव्या आयुष्यात बसेना. बाकी काही नाही. एवढीच गोष्ट.

मी तिला फोन केला, नाही असं नाही. म्हटलं, "अक्का, काम झालं. आता केव्हाही ये." ती म्हणाली, "हो का? छान झालं." आमच्या घरच्या भाषेत "केव्हाही ये" हे काही बोलावणं नव्हतं आणि आम्ही दोघं तीच भाषा बोलत होतो.

नीलानं विचारलं, "अहो, अक्कांना आणायला कधी जाताय?"

"या आठवड्यात मीटिंगा आहेत गं."

पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाली, "मग मी जाऊन आणते ना. ऑटोनं जाते, मीनलला घेऊन."

तेव्हा मी जे म्हणालो ते मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. मी म्हणालो, "आणायला काय जायचंय? ती काय पाहुणी आहे? तिचंच घर आहे, वाटेल तेव्हा येईल. हे आणणं-नेणं आता कोण करतं?" नीला माझ्याकडे बघत राहिली. ती पुण्याच्या माणसांतली, मुराळी वगैरे प्रकार तिनं आमच्याकडेच ऐकला होता. तिला वाटलं, असेल, आता यांनी सोडलं असेल. हैदराबादेत नवं वारं होतं, मी नव्या कंपनीत होतो आणि एक जुनी रीत मोडत होतो. यात कुणाला काय वाईट दिसणार? तिचंच घर, असं म्हणून मी अक्काला तिच्या घराबाहेर ठेवलं. वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

भाऊबीजेला मला जावंच लागलं. भावानं बहिणीकडे जायचं असतं. शालूताईच्या गच्चीवर गेलो तर खोलीत फारसं काही नव्हतं. तिची पुस्तकं अजून बांधलेलीच होती. तिनं नवी साडी नेसली होती. पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. आणि दाराशी, आतल्या बाजूला, तिची बॅग. चेन लावलेली. बॅगेवर घडी घातलेली शाल आणि तिची छत्री. दिवाळीत छत्री कशाला लागते? जे माणूस सगळंच घेऊन निघालेलं असतं त्यालाच लागते.

तिनं मला ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली. तिनं अनारसे केले होते, मी दोन खाल्ले. मीनलचा अभ्यास, नीलाची बदली, माझी पाठदुखी, सगळं बोलून झालं. बॅग माझ्या डाव्या हाताला होती. ती तिकडे बघत नव्हती, मी तिकडे बघत नव्हतो. शालूताईनं खालून हाक मारली, "दिगू, ऑटो दोघांसाठी सांगू का?" अक्का माझ्या उत्तराची वाट पाहत वाटी पुसत बसली. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन म्हणालो, "नको, मी चालत जाईन. हवा छान आहे."

पुढच्या वेळी गेलो तेव्हा बॅग दिसली नाही. भिंतीवर सुतारानं फळ्या मारल्या होत्या, गठ्ठे सुटले होते, तक्ते लागले होते. अक्कानं पसारा मांडला होता.

त्यानंतर दहा-बारा वर्षं ती तिथं राहिली. वाईट राहिली नाही, हेही सांगितलं पाहिजे. माझ्या अपराधामुळे तिचं आयुष्य सुकलं असं म्हणायला मला आवडलं असतं, त्यात माझंच महत्त्व वाढलं असतं. तसं झालं नाही. तिच्याकडे संध्याकाळी गणिताला मुलं यायला लागली. मराठी शाळा रोडावत चालल्या होत्या, घरी मराठी बोलणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या मुलांना त्यांच्या आया तिच्याकडे पाठवायच्या. कोठीच्या फुटपाथवरून ती जुनी पुस्तकं आणायची. कुणी परदेशी गेलं की नको असलेलं सामान तिच्याकडे टाकून जायचं. हार्मोनियम आली, ग्लोब आला, कुंड्या आल्या, कुणाचंसं अर्धं विणलेलं स्वेटर आलं. ती काहीच नको म्हणत नसे. एका रविवारी मी असाच गेलो होतो, ती बाहेर गच्चीवर मुलांना शिकवत होती, म्हणाली, "बस, दहा मिनिटांत येते." त्या सगळ्या गर्दीत, ग्लोब आणि गठ्ठ्यांच्या मध्ये, मुलांचे पाढे ऐकत मला झोप लागली. उठलो तेव्हा ऊन उतरलं होतं, अंगावर कुणीतरी चादर घातली होती. माझ्या पांढऱ्या खोलीत मला अशी झोप कधी लागली नाही. ती खोली मी हळूहळू वापरेनासा झालो. पाहुणे मात्र अजून कौतुक करतात. एवढी जागा नुसती मोकळी ठेवलीय, म्हणतात.

बरकतपुऱ्याला ती यायची. मीनलच्या वाढदिवसाला, गौरींना. प्रत्येक वेळी शालूताईबरोबर यायची आणि तिच्याबरोबर जायची. सोफ्याच्या कडेला बसायची. पहिल्यांदा आली तेव्हा जेवायच्या आधी मला विचारलं, "हात कुठं धुऊ रे?" बेसिनची जागा आम्ही बदलली होती. ज्या घरात ती वाढली, जिथं तिनं मला वाढवलं, तिथं ती मला असं विचारत होती आणि मी बोटानं दाखवलं. तिच्या खोलीत ती कधी गेली नाही. एकदाच दारावरून जाताना थांबली, आत डोकावली. मीनल लहान होती, ती म्हणाली, "ही बाबांची शांत बसायची खोली." अक्का म्हणाली, "हो का? हवा छान येते इथं."

शेवटची भेट ती जाण्याच्या काही दिवस आधीची. मीनल शिकायला बाहेर गेली होती, घर फार मोठं वाटायला लागलं होतं. मी कुणालाही न सांगता निघालो. बरोबर नारळ आणि खण घेतला. हे लिहिताना सुद्धा लाज वाटते, पण घेतला. वर गेलो तर अक्का मेथी निवडत बसली होती. केस अगदी पांढरे झाले होते. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, "अक्का, चल. न्यायला आलोय."

तिनं पिशवीत पाहिलं. नारळ बाहेर काढला, हलवून पाणी आहे का बघितलं. मग हसली. तिचं हसणं कडवट असतं तर मला सोपं गेलं असतं. ती खरंच हसली, लहान मुलानं काहीतरी फार उशिरा पाठ म्हणून दाखवावं तसं.

"आत्ता?" ती म्हणाली. "मेथी निवडायला घेतलीय रे."

"मेथी राहू दे गं."

"आणि संध्याकाळी मुलं येतात. ती कुठं जातील?"

मी म्हटलं, "अक्का, मी तेव्हा..."

"असू दे," ती म्हणाली. पुढचं तिनं ऐकून घेतलं नाही. मला माफ केलं म्हणून की मला सुटू द्यायचं नव्हतं म्हणून, ते मला कळलं नाही आणि आता कळणारही नाही. थोडा वेळ ती काड्या मोडत बसली. मग विचारलं, "तिथं शांत वाटतं का रे तुला? त्या खोलीत?"

मी काय सांगणार? "हो," म्हटलं.

"मग झालं," अक्का म्हणाली. नारळ तिनं फोडला, अर्धा मला खोवून दिला, साखर घालून. मी तो खाऊन परत आलो.

तेरावं झाल्यावर शालूताई म्हणाली, "तिच्या खोलीचं काय ते तू बघ." तिला घाई नव्हती, पण तिचंही वय झालंय, कुणीतरी बघायला हवंच. मी गेल्या रविवारी गेलो. बरोबर पोती नेली होती, दोऱ्या नेल्या होत्या. मला या कामाचा अनुभव आहे. खोलीत शिरलो, खिडकी उघडली आणि मध्यभागी बसलो. कुठून सुरुवात करावी? एका फळीवर बरण्यांमध्ये चिंचोके, मण्यांच्या माळा, मोजायला शिकवायच्या वस्तू. प्रत्येक वस्तूला तिथं असण्याचं काहीतरी कारण होतं आणि ते सांगणारं माणूस नव्हतं. ठोकळ्यांचा एक डबा मी उचलला आणि परत ठेवला. हार्मोनियमवरचं कापड सारखं केलं. कोपऱ्यात तिची वेताची खुर्ची. खुर्चीवर उशी, उशीला तिच्या पाठीचा खळगा. मी त्या खुर्चीत बसलो नाही, जमिनीवरच बसून राहिलो. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. खोली इतकी भरलेली होती की तिच्यात आवाजाला जागा नव्हती. मी एकही वस्तू हलवली नाही.

दुपार झाली. शालूताईनं खालून हाक मारली, "दिगू, जेवायला ये रे." मी म्हटलं, "आलो." पण उठलो नाही. थोड्या वेळानं पुन्हा हाक आली, पुन्हा मी "आलो" म्हटलं. खाली जाऊन ताटावर बसायचं, वाढून घ्यायचं, ते मला जमेना. त्या घरात मी कोणत्या तोंडानं जेवणार होतो? मग हाक आली नाही. मग जिन्यावर पावलं वाजली, एक पायरी, थांबणं, पुढची पायरी. शालूताईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, तिला डॉक्टरनं जिना चढायला मनाई केली आहे. वर येऊन ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. दम लागला होता, कपाळावर घाम होता.

"अगं, तू कशाला आलीस?" मी म्हटलं. "मी येतच होतो."

"माहितीये कसा येत होतास," ती म्हणाली. "चल. आमटी निवतेय."

आणि ती आत आली नाही, वळून खालीही गेली नाही. दाराला धरून तिथंच उभी राहिली. मी पोती, दोऱ्या तिथंच सोडून उठेपर्यंत, चपला शोधून पायात घालेपर्यंत.